शेवटच्या बाभळीचा मान

*(वहीचं पहिलं पान)*

शनिवार, ५ नोव्हेंबर २०११. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ: रीटमोंड गाव, पूर्वेकडची मोठी वाळूची टेकडी. या वेळी, या ठिकाणी, सगळ्या मंडळाच्या साक्षीने माझ्यावर अन्याय झाला. माझ्या हातात करवत देणारी बाई: नोरा कीगन. टाळ्या वाजवणारे: उरलेले सगळे.

नवी वही सुरू करताना पहिलं पान कोरं सोडायचं, अशी शाळेत नन्सनी आम्हांला सवय लावली होती. खरं काय सांगायचं आहे ते माणसाला उशिरा कळतं, म्हणून. ते पान आज भरते आहे. पुढची पानं लिहिली तशीच ठेवली आहेत. त्यांतला माझा आनंद वाचून आता माझीच मला लाज वाटते, पण खाडाखोड करणं माझ्या स्वभावात नाही.

— फिलोमिना आरेन्ड्से, निवृत्त

गुरुवार, १ सप्टेंबर

पोचले एकदाची! सामानाची लॉरी माझ्याआधी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर माझ्याच पायरीवर बसून माझीच सफरचंदं खात होता. त्याला दोन शब्द सुनावले आणि मग आणखी एक सफरचंद मीच हातावर ठेवलं. आज मला कुणावर रागवायचंच नव्हतं.

घर फोटोत होतं त्याहून छान आहे. पांढऱ्या भिंती, हिरवी दारं, पत्र्याचं छप्पर, स्वयंपाकघरात लाकडाची चूल आणि तिचं चांगलं उंच धुराडं. मागच्या दारापासून वाळूची टेकडी सुरू होते. ओढ्याकाठी पांढऱ्या लिली इतक्या फुलल्या आहेत, की केप टाउनमध्ये एकेक फूल विकत घेणाऱ्या बायकांना इथे आणून उभं करावं.

घर नोरा कीगनकडून घेतलं. माझी सगळी पुंजी त्यात गेली. नोरा माझ्यासारखीच कॉन्व्हेंटची. शाळा वेगळी, तिच्या शाळेत माझ्या रंगाच्या मुली घेत नसत. पण नन्स तशाच आयरिश आणि छड्याही तशाच. पहिल्याच भेटीत आम्ही दोघींनी एकच लॅटिन प्रार्थना एकाच चुकीच्या चालीवर म्हटली आणि हसत सुटलो. ती पूर्वी भूगोल शिकवायची. आता वर खडकावरच्या दगडी घरात राहायला गेली आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात म्हणून चढावर राहायला जाणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पण तिने ओट्यावर दुधाचा टार्ट झाकून ठेवला होता आणि चुलीत लाकडं रचून ठेवली होती. अशा बाईच्या गुडघ्यांची उलटतपासणी कोण घेणार?

शनिवार, ३ सप्टेंबर

हात सोलवटले, कंबर मोडली, आणि फार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

इथे एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे टेकडीवर जातात आणि ऑस्ट्रेलियन बाभळी तोडतात. बहुतेक सगळे पेन्शनवाले. ही झाडं इथली नव्हेत. फार पूर्वी वाळू धरून ठेवायला म्हणून मुद्दाम लावली, आणि मग त्यांनी टेकडीभर हातपाय पसरले. इथलं हेदर, वेताची झुडपं, वाळूत सरपटणारे अंजीर, सगळं त्यांच्या सावलीत मरतं. मंडळाने सहा वर्षं तोडून तोडून आता थोडीच उरवली आहेत. मोठं झाड जमिनीलगत कापायचं आणि लगेच बुंध्याला औषध फासायचं, नाहीतर ते पुन्हा फुटतं. औषधात निळा रंग असतो, कुठला बुंधा राहिला ते कळावं म्हणून. लहान रोप हाताने उपटून मुळं वर करून दगडावर आडवं घालायचं. मुळं खाली राहिली तर हे बेटं पुन्हा जगतं.

मोठी करवत फ्लोरिस मारित्झकडे असते. सगळे त्याला ऊम फ्लोरिस म्हणतात. मी म्हणाले, माझ्याच वयाच्या पुरुषाला मी काका म्हणणार नाही. तो म्हणाला, "नका म्हणू. पण मिस आरेन्ड्से, तुम्ही करवतीला हातच लावू नका. नुसतं एकदा रागावून बघा, झाड आपणहून पडेल." सगळे हसले. मीही हसले.

चहा पश्चिमेच्या टेकडीवर होतो. ती आधीच साफ केलेली. आता तिच्यावर इतकी रानफुलं आहेत की बघत राहावं. वाळूतून एक गंजका पत्र्याचा पाइप वर आलेला आहे, त्याच्याभोवती सगळे थर्मास आणि रस्क घेऊन बसतात. पाइपावर टोप्या अडकवतात. मी विचारलं तर नोरा म्हणाली, कुणा कोळ्याची जुनी झोपडी असेल खाली. मग तिने आपल्या कपातला उरलेला रूइबोस, इथला तांबडा चहा, त्या पाइपात ओतला. मंडळाची रीत आहे म्हणे. मी जवळच बसले होते. आतून एक आवाज आला. एखादा सभ्य माणूस बोलण्यापूर्वी घसा साफ करतो ना, तसा. वारा असणार.

खाली उतरल्यावर वाटेत एक सपाट दगड आहे. तिथे प्रत्येकाने बूट काढून आपटायचे, मोजे उलटे करायचे, विजारीच्या दुमडी झटकायच्या, आणि मगच घरी जायचं. नोराने माझे बूट स्वतः तपासले. एक कण घरी न्यायचा नाही, म्हणाली. ही शिस्त मला फार आवडली.

शनिवार, १ ऑक्टोबर

आज पंधरा-एक झाडं गेली. माझी बोटं निळी झाली आहेत, साबणाने निघत नाहीत.

चहाच्या वेळी नोरा आणि मी बाजूला बसलो होतो. तिने विचारलं, तुला इथे करमतं का, शहराची आठवण येते का. आणि मी तिला सांगून बसले, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी नुकती नोकरीला लागले होते तेव्हा आमच्या गल्लीवर सरकारी ट्रक आले. ती वस्ती आता गोऱ्यांची, असं म्हणाले. आम्हांला शहराबाहेरच्या वाळूच्या माळावर नेऊन टाकलं. पहिल्या हिवाळ्यात पावातसुद्धा वाळू असायची. आई पावाचा तुकडा मोडून आधी फुंकायची, मग आम्हांला द्यायची. मी नोराला म्हणाले, आता हे घर माझं आहे, इथून मला कुणी हलवू नये. मी मेल्याशिवाय इथून हलणार नाही.

नोराने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचे डोळे भरून आले होते. साठी उलटल्यावर मैत्रीण मिळणं ही काय साधी गोष्ट आहे?

शनिवार, ५ नोव्हेंबर

आजचा दिवस माझा!

टेकडीवर एकच झाड उरलं होतं, अगदी माथ्यावर, माणसाच्या कमरेएवढ्या बुंध्याचं. शेवटच्या बाभळीचा मान सगळ्यांत नव्या सभासदाला द्यायचा अशी मंडळाची रीत आहे, असं नोराने सगळ्यांसमोर जाहीर केलं. मला अगदी पहिल्यांदा पवित्र भोजन घेताना वाटलं होतं तसं वाटलं. फ्लोरिसने जाडी तीन चतुर्थांश कापून दिली आणि टोपी काढून मागे उभा राहिला. त्याने नोराला हळूच विचारलं, हिला विचारलंस ना? नोराने होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, चहाबद्दल असेल. मग नोराने हातकरवत माझ्या हातात दिली. मी घड्याळ पाहिलं, अशा क्षणाची नोंद हवी म्हणून: अकरा वीस.

झाड पडलं तेव्हा पायाखालची वाळू जराशी हलली. झोपलेलं माणूस कूस बदलताना गादी हलते तशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी ओरडलं मात्र नाही. एरवी कोंबड्यांसारखी कलकल करणारी मंडळी आज कशी गप्प गप्प होती.

उतरताना नोराने माझ्या दंडाला धरलं आणि संपूर्ण वाट बोलत राहिली, टार्टची कृती, तिचं शाळेतलं नाटक, काय काय. बोलण्याच्या नादात मी बुटांच्या दगडापाशी थांबलेच नाही. मागे बाकीचे बूट आपटत होते. मी म्हणाले, थांब, माझे राहिले. ती म्हणाली, असू दे गं, आज तुझा मान.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

आग्नेयेचा वारा सुरू झाला आहे. इथला उन्हाळा आला. खिडक्या घट्ट लावूनही घरात वाळू येते. पाव मोडला तर दाताखाली कचकच. मी आईसारखं फुंकलं आणि हसले. सकाळी झाडलं, दुपारी झाडलं. नोराला फोन केला, इतकी वाळू नेहमीच येते का? ती म्हणाली, वाऱ्याचे दिवस आहेत. मला कामं आहेत, म्हणाली.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

वारा तीन दिवस पडला आहे. वाळू येतेच आहे.

आणि ती वाटेल तिथे पडत नाही. मी सकाळी उठून चहा करून परत आले, तर बिछान्यात माझ्या अंगाचा जो खळगा पडतो तो वाळूने काठोकाठ भरलेला. डोकं, खांदा, दुमडलेला गुडघा. चादरीवर बाकी कुठे कण नाही. दारामागचे माझे बूट भरले आहेत. हातमोज्यांची दहाही बोटं भरली आहेत, टम्म. पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची स्वच्छ आहे. माझ्या खुर्चीत ढीग.

मी छत्तीस वर्षं एका नगरपालिकेच्या तक्रार विभागात काढली. लोक काय काय तक्रारी घेऊन यायचे, आणि मी कधी कुणाला वेडं म्हटलं नाही. प्रत्येकाला चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यायचे. म्हणून आता स्वतःलाही वेडं म्हणणार नाही. नोंद करते: ही वाळू माझं माप घेते आहे.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

मागचं दार उघडत नाही. टेकडी दारापाशी आली आहे. अंगणातली कपडे वाळत घालायची तार काल डोक्यावर होती, आज छातीला लागते. नोरा फोन उचलत नाही.

मी काही मूर्ख नाही. उद्या केप टाउनला बहिणीकडे, लॉरेटाकडे जाते.

रविवार, २७ नोव्हेंबर, केप टाउन

माझी धाकटी बहीण लॉरेटा तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतून समुद्र दिसतो आणि खाली सगळीकडे डांबर आहे. पहिले दोन दिवस झकास गेले. आम्ही कोकसिस्टर, आमचे पाकातले गोड वडे, तळले, तिने माझ्या भाषेला नावं ठेवली. "फिल, तू निवृत्त झालीस, तुझी जीभ कधी होणार?"

तिसऱ्या दिवशी माझ्या उशीत वाळू. मी गुपचूप झटकली. काल आंघोळीच्या टबात, माझ्या अंगाएवढी, नळ चालू करायच्या आधीच. आज सकाळी लॉरेटा न्याहारीला बसली आणि खोकायला लागली. खोकली, खोकली, आणि बशीत चमचाभर वाळू आली. ती बशीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

ती मला जा म्हणाली नाही. म्हणणारही नाही. म्हणूनच जायला हवं. तिचा दोष काय? ते झाड पाडल्यापासूनच हे सुरू झालं, आणि तिने कुठलं झाड तोडलं नाही.

मंगळवार, २९ नोव्हेंबर, रीटमोंड

फ्लोरिस फावडं घेऊन माझं पुढचं दार मोकळं करत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "परत आलात? म्हणजे खरंच ठरवलंय तुम्ही."

मी विचारलं, काय ठरवलंय?

तो फावड्याला टेकून उभा राहिला. मग त्याने मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. ही टेकडी पूर्वी चालायची. त्याच्या आजोबांच्या काळात तिने दोन घरं खाल्ली. बाभळी लावून तिला बांधली. आता बाभळी काढायच्या, रानफुलं परत आणायची, तर तिला सोडावं लागणार. सुटली की ती एक घर घेते. एकच. घेतलं की शांत होते, मग तिच्यावर काय हवं ते उगवतं. कुणाचं घेते? ज्याने शेवटची दोरी कापली, आणि तिची वाळू अंगावर घेऊन जो घरी गेला, त्याचं. नाही दिलं तर सगळं गाव घेते.

पश्चिमेच्या टेकडीच्या वेळी ट्रॅंटर म्हणून एक इंग्रज होता. नवाच आलेला. फार सभ्य माणूस.

मी म्हणाले, तो पत्र्याचा पाइप.

तो म्हणाला, "धुराडं."

मग म्हणाला, "पण नोराने सांगितलं की तुम्हांला सगळं माहीत आहे. तुम्ही एकट्या आहात, मूल ना बाळ, देवाधर्माच्या आहात, आणि तुम्ही हो म्हणालात. आम्ही सगळे म्हणालो, काय बाई आहे! आम्ही तुमच्यासाठी चर्चमध्ये फुलं ठेवली, मिस आरेन्ड्से."

मी दार लावून घेतलं. आतून अर्धंच लागलं.

शनिवार, ३ डिसेंबर

टेकडी चढून गेले. आज मंडळातले सगळे नवी फुटलेली रोपं उपटत होते. नंतर चहाला बसले, त्या धुराड्याभोवती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत नोराला विचारलं: मी हो कधी म्हणाले?

एका बाईने मला रस्कचा डबा पुढे केला.

नोरा म्हणाली, "फिल, तूच म्हणालीस. इथून मला कुणी हलवू नये. मेल्याशिवाय हलणार नाही."

मी तिला जे विश्वासाने सांगितलं, माझ्या आईचं, त्या ट्रकांचं, त्या पावाचं, ते तिने उचललं आणि माझ्याच नावावर होकार म्हणून चिकटवलं. आणि रडत होती! खरं रडत होती, नाक लाल करून. म्हणाली, हे घर माझ्या बापाचं, मी तिथे जन्मले, तुला काय वाटतं मला सोपं गेलं? म्हणाली, कुणाचं तरी जाणारच होतं, इथे प्रत्येकाची नातवंडं आहेत.

मी म्हणाले, मला विचारलं असतंस तर?

ती म्हणाली, तू नाही म्हणाली असतीस.

मी म्हणाले, अर्थातच नाही म्हणाले असते! विचारायचं असतं ते त्यासाठीच.

ट्रकवाल्यांनी निदान कागद तरी दाखवला होता. मी तिला सांगितलं, तोंडी काही नको. मी होकार कुठे, कुठल्या दिवशी, किती वाजता दिला, ते मला लेखी हवं. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंस, एक कागद लिहायला हरकत नसावी.

ती म्हणाली, चहा घे ना, फिल.

शनिवार, १० डिसेंबर

उत्तर नाही.

पण मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हे. बाभळीने टेकडी बांधली होती ना? मग बाभूळच लावते. वाळूत बिया मिळतात, काळ्या, हव्या तेवढ्या. उकळतं पाणी ओतलं की फुटतात, हे मला मंडळानेच शिकवलं. जॅमच्या रिकाम्या डब्यांत लावल्या आहेत, पुढच्या ओट्यावर रांगेने.

सोमवार, १९ डिसेंबर

फुटल्या! बोटाएवढ्या, पिसासारखी पानं. आणि खरं सांगते, डब्यांच्या रांगेपलीकडे वाळू आलेली नाही. ओट्याची ती बाजू स्वच्छ. काल रात्री बिछानाही अर्धाच भरला.

मी त्या रोपांना जपमाळ म्हणून दाखवते. ऑस्ट्रेलियातून आणलेली, कुणाला नको असलेली, वाळूत फेकलेली. आमचं बरं जमतं.

रविवार, २५ डिसेंबर

फ्लोरिस आपली बक्की, मागे उघडी असलेली छोटी गाडी, घेऊन आला. टोपी हातात. म्हणाला, नाताळच्या मिस्सासाठी तुम्हांला ब्रेडासडॉर्पच्या चर्चला नेतो, एवढं तरी करू द्या. मला वाटलं, एका तरी माणसाला मन आहे. निळा पोशाख झटकून घातला. येताना तो फार हळू चालवत होता. मी म्हणाले, मागून बैलगाडी पुढे जाईल. तो हसला नाही.

घरी पोचले तर सगळी रोपं उपटलेली. डबे धुऊन ओळीने पालथे घातलेले. रोपं पायरीवर, मुळं वर, एकाशेजारी एक. नीटनेटकी. अशी नीटनेटकी रोपं एकच बाई ठेवते. मीच तिच्या शिस्तीचं कौतुक केलं होतं.

फ्लोरिस गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "कायद्याने लावायला बंदी आहे, मिस आरेन्ड्से." माझ्याकडे न बघता म्हणाला.

नाताळच्या दिवशी. मी गुडघ्यावर बसले होते तेव्हा.

बुधवार, २८ डिसेंबर

पुढचं दारही गेलं. खिडक्यांच्या वरच्या काचेतून थोडा उजेड येतो. वाळूतून आल्यामुळे पिवळा. नळातून वाळू. डब्यातले पीच आहेत, मेणबत्त्या आहेत.

मंडळातलं कुणी येऊन काच फोडू शकलं असतं. मी वाट पाहिली. सगळा दिवस. वरून पावलं गेली. थांबली. गेली.

शुक्रवार, बहुधा

वरची काचही —

छप्पर बोलतं. पत्रा आहे, कुरकुरतो. खाली टेकू म्हणून कपाट लावलं आहे. वाळू स्वयंपाकघरात गुडघ्यापर्यंत. ऊबदार आहे. ते सगळ्यांत वाईट. थंड असती तर मला तिचा राग ठेवता आला असता.

माझ्या खुर्चीतला ढीग आता ढीग नाही. त्याला मांडी आहे. मांडीवर हात —

मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसते.

तारीख माहीत नाही

पहिलं पान लिहिलं. बरं झालं कोरं ठेवलं होतं.

घसा बसला आहे. बोलायला गेले की तोंडातून — नको. लिहिता येतं तोवर लिहीन. निळी बोटं अजून निळी आहेत. ती एवढी एक खूण, की खुर्चीत बसलेली ती, आणि लिहिणारी मी —

चुलीपाशी सरकले. धुराड्यातून हवा येते. वर एक नाण्याएवढं आभाळ.

आज

कप वाजताहेत.

माझ्या डोक्यावर. कप, झाकणं, रस्कचा डबा. कुणीतरी धुराड्यावर टोपी अडकवली, आभाळ गेलं. म्हणजे पहिला शनिवार आहे. कुठल्या महिन्याचा ते ठाऊक नाही.

एक नवा आवाज आहे. बाईचा. तरुण नाही. हसरी आहे. विचारते आहे, हे काय वाळूतून वर आलंय?

नोरा म्हणते, कुणा कोळ्याची जुनी झोपडी असेल खाली.

नवी म्हणते, किती सुंदर फुलं आहेत इथे, आणि तुम्ही सगळे किती प्रेमळ. ओढ्यापलीकडची टेकडी राहिली ना अजून? मी येईन दर महिन्याला.

मी ओरडले. घशातून फक्त —

नवी म्हणाली, आवाज आला का? कुणी घसा साफ केल्यासारखा?

वारा, म्हणाली नोरा.

आणि आता वरून थेंब. गरम. रूइबोस, दोन चमचे साखर. नोराचाच कप. वहीवर पडला, शाई पसरली. मी ते चाटलं नाही. लिहून ठेवते: चाटलं नाही.

हे पान फाडून झाडूच्या दांड्याला गुंडाळून वर ढकलते.

बाई, तुमचं नाव मला माहीत नाही. शेवटचं झाड दिलं तर घेऊ नका. घेतलंत तर बूट झटकल्याशिवाय घरी जाऊ नका, ती कितीही गोड बोलली तरी. आणि तिला तुमच्या आईबद्दल काहीही सांगू नका.

नोरा कीगन यांस: मी होकार दिला ती तारीख, वेळ आणि जागा येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजायच्या आत लेखी कळवावी. सही हवी. तोंडी उत्तर आणि चहा स्वीकारला जाणार नाही. कागद धुराड्यातून खाली टाकावा. मी घरीच आ—